वीजबाजार खुला झाला. नवे वीजप्रकल्प कोण उभारणार?

विकसनशील देशांनी गेल्या चार दशकांत वीजक्षेत्र सरकारी मक्तेदारीतून टप्प्याटप्प्याने मोकळे केले. स्पर्धा आली की दर उतरतील आणि खासगी भांडवल आपोआप येईल, अशी त्यामागील अपेक्षा होती. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि खुद्द महाराष्ट्राचा अनुभव मात्र या अपेक्षेला पूर्णपणे दुजोरा देत नाही. विजेची रोजची खरेदी-विक्री बाजारावर सोपविता येते. पण पुढील पंचवीस वर्षांची जोखीम कोणी उचलायची, याचा निर्णय धोरणकर्त्यांनाच घ्यावा लागतो, असे हे अनुभव सांगतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे चटके नवे नाहीत. २००५ ते २००७ या काळात राज्यातील विजेची तूट उन्हाळ्यात चार हजार मेगावॉटच्याही पुढे गेली होती. ग्रामीण भागात बारा तासांपर्यंत भारनियमन सुरू होते. पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज वापरून आणि त्यासाठी ग्राहकांकडून जादा आकार घेऊन शहर भारनियमनमुक्त करण्याचा प्रयोग २००६ मध्ये झाला. ज्यांना जादा पैसे देणे शक्य होते त्यांचे दिवे लागले, आणि कृषिपंपांना रात्री-अपरात्री मिळेल त्या विजेवर समाधान मानावे लागले. ही टंचाई तीव्र होत गेली त्या काळात कोकणात दोन हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचा प्रकल्प २००१ पासून बंद पडून होता. एकीकडे तुटवडा आणि दुसरीकडे बंद यंत्रे, हे विसंगत चित्र नेमके कशातून निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी वीजक्षेत्राच्या खुलीकरणाचा प्रवास पाहावा लागेल.

मंडळांकडून बाजाराकडे

स्वातंत्र्योत्तर काळात बहुतेक विकसनशील देशांत निर्मिती, वहन आणि वितरण ही तिन्ही कामे एकाच सरकारी संस्थेकडे होती. भारतात १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळे अस्तित्वात आली. गावोगावी वीज पोहोचविण्याचे काम या मंडळांनी केले, हे नाकारता येणार नाही. मात्र शेतीला अल्प दरात वीज, त्याची भरपाई उद्योगांच्या चढ्या दरातून, चोरी आणि गळती यांकडे दुर्लक्ष, या चक्रात मंडळांची आर्थिक स्थिती ढासळत गेली. नवे प्रकल्प उभारण्याइतका पैसा त्यांच्याकडे उरला नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा छेद दिला तो चिलीने. १९८२ च्या कायद्याने तेथे निर्मिती, वहन आणि वितरण यांची फारकत करण्यात आली आणि निर्मितीत स्पर्धा सुरू झाली. पुढे जागतिक बँकेसारख्या संस्थांनी हाच नमुना अन्य देशांपुढे ठेवला. भारताने १९९१ च्या परकीय चलन संकटानंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी गुंतवणुकीस खुली केली. ओडिशाने १९९६ मध्ये आपल्या मंडळाचे विभाजन केले. १९९८ मध्ये नियामक आयोगांचा कायदा झाला. २००३ च्या वीज कायद्याने औष्णिक वीजनिर्मिती परवानामुक्त केली, विजेच्या व्यापाराला मान्यता दिली आणि मोठ्या ग्राहकांना 'मुक्त प्रवेशा'चा हक्क दिला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी कंपनी असे चार भाग झाले. जून २००८ मध्ये देशातील पहिले वीज एक्स्चेंज सुरू झाले.

वीज हा वेगळाच माल

कांदा किंवा पोलाद यांच्या बाजाराला लागू पडणारे नियम विजेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे आजही खर्चिक आहे. ज्या क्षणी मागणी असेल त्याच क्षणी निर्मिती व्हावी लागते. बाजारात सर्वांत स्वस्त वीज आधी घेतली जाते, मग त्याहून महाग, आणि मागणी पूर्ण करणारा शेवटचा प्रकल्प ज्या दराने वीज देतो, तो दर सर्वांना लागू होतो. हा दर प्रामुख्याने इंधनाच्या खर्चावर ठरतो. प्रकल्प उभारण्यासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते, व्याज आणि भागभांडवलावरील परतावा, म्हणजेच स्थिर खर्च, त्यातून सुटेलच याची खात्री नसते.

एका साध्या हिशेबाने ही अडचण स्पष्ट होते. समजा, एक मेगावॉट क्षमतेमागे वार्षिक स्थिर खर्च १ कोटी २० लाख रुपये आहे. हा प्रकल्प ८५ टक्के क्षमतेने वर्षभर चालला, तर त्यातून सुमारे ७४ लाख ४६ हजार युनिट वीज निर्माण होते आणि प्रत्येक युनिटवर स्थिर खर्चाचा १ रुपया ६१ पैसे एवढाच भार पडतो. परंतु हाच प्रकल्प केवळ मागणीच्या शिखरकाळात, वर्षाला ५०० तास चालला, तर युनिटची संख्या ५ लाखांवर येते आणि प्रत्येक युनिटवर २४ रुपयांचा भार पडतो. इंधनाचा खर्च त्याहून निराळा. असा प्रकल्प बाजाराच्या भरवशावर तगायचा असेल, तर टंचाईच्या काही तासांत विजेचा दर प्रचंड वाढू दिला पाहिजे.

नेमके हेच कोणत्याही लोकनियुक्त सरकारला परवडत नाही. टंचाईत दर भडकले की त्यांवर मर्यादा आणली जाते. भारतातील वीज एक्स्चेंजवर केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०२२ मध्ये युनिटला १२ रुपयांची आणि २०२३ मध्ये १० रुपयांची कमाल मर्यादा घातली. ग्राहकहिताच्या दृष्टीने ती आवश्यक होती. मात्र वर्षातून मोजके तास चालणारा प्रकल्प केवळ या बाजाराच्या भरवशावर कोणी उभारणार नाही, हेही त्यातून स्पष्ट होते. विकसनशील देशांत आणखी दोन अडचणी आहेत. मागणी वेगाने वाढते, त्यामुळे नव्या क्षमतेची निकड मोठी असते. आणि वीज घेणाऱ्या वितरण कंपन्यांचीच पत कमकुवत असते. जून २०२२ मध्ये भारतातील वितरण कंपन्यांकडे निर्मिती कंपन्यांची सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपयांची थकबाकी होती. अशा खरेदीदाराच्या भरवशावर कर्ज देताना कोणतीही बँक दहा वेळा विचार करणार.

ब्राझील : धरणांनी झाकलेली तूट

ब्राझीलमधील वीज १९९० च्या दशकात जवळजवळ संपूर्णपणे जलविद्युत होती. दशकाच्या उत्तरार्धात वितरण कंपन्यांचे मोठ्या प्रमाणावर खासगीकरण झाले, घाऊक बाजाराची रचना तयार झाली आणि नवी क्षमता खासगी क्षेत्र उभारील, असे गृहीत धरले गेले. सरकारी खर्चाला कात्री लागल्याने सार्वजनिक कंपन्यांची गुंतवणूक मंदावली. दुसरीकडे, बाजाराचे नियम अपुरे असल्याने खासगी गुंतवणूकदार थांबून राहिले.

तूट निर्माण होत होती, पण ती दिसत नव्हती. मागणी निर्मितीपेक्षा वेगाने वाढत असताना दरवर्षी धरणांतील साठा थोडा अधिक वापरला जात होता. साठा आहे तोवर जलविद्युत स्वस्त राहते. त्यामुळे बाजारातील दर नव्या गुंतवणुकीची गरज वेळेत दाखवू शकले नाहीत. सरकारने २००० मध्ये नैसर्गिक वायूवरील प्रकल्पांचा तातडीचा कार्यक्रम आखला. मात्र बोलिव्हियातून येणाऱ्या वायूची किंमत डॉलरमध्ये आणि विजेचे उत्पन्न ब्राझीलच्या चलनात, असा पेच होता. १९९९ च्या जानेवारीत त्या चलनाची मोठी घसरण झाल्याचा अनुभव ताजा होता. बहुतेक प्रकल्प कागदावरच राहिले.

२००१ च्या पावसाळ्याने दगा दिला आणि देशाच्या आग्नेय भागातील जलाशय वर्षाच्या त्या काळात पूर्ण साठ्याच्या जेमतेम एक तृतीयांशावर आले. १ जून २००१ पासून फेब्रुवारी २००२ अखेरपर्यंत देशाच्या मोठ्या भागात विजेचे रेशनिंग लागू झाले. बहुतेक ग्राहकांना वापर २० टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य देण्यात आले. अधिक बचत करणाऱ्यांना बक्षीस आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांना दंड, अशी ही योजना होती. नागरिकांनी तिला विलक्षण प्रतिसाद दिल्याने सरसकट अंधार टळला. तथापि उद्योग आणि अर्थव्यवस्थेला त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

दक्षिण आफ्रिका : न आलेले गुंतवणूकदार

दक्षिण आफ्रिकेची कहाणी याहूनही बोलकी आहे. १९९८ मधील सरकारच्या ऊर्जाविषयक श्वेतपत्रिकेतच, नवी क्षमता उभारली नाही तर २००७ च्या सुमारास वीज अपुरी पडेल, असा इशारा होता. इशारा अचूक होता; उपाययोजना मात्र झाली नाही. २००१ मध्ये सरकारने निर्मितीचा सुमारे ३० टक्के हिस्सा खासगी क्षेत्राकडे देण्याचे ठरविले आणि 'एस्कॉम' या सरकारी कंपनीला नवे प्रकल्प हाती घेण्यापासून रोखले.

खासगी कंपन्या आल्या नाहीत. एस्कॉमचे जुने प्रकल्प कर्जमुक्त झालेले आणि स्थानिक कोळशावर चालणारे असल्याने तेथील वीज जगातील सर्वांत स्वस्त विजेत गणली जात होती. नव्या प्रकल्पाची वीज त्या दरात देणे कोणालाही शक्य नव्हते. जुन्या यंत्रांवरून ठरलेला दर नव्या गुंतवणुकीच्या आड आला. २००४ मध्ये सरकारने निर्णय फिरविला, पण मोठा औष्णिक प्रकल्प पूर्ण होण्यास बराच काळ लागतो. जानेवारी २००८ मध्ये सोने आणि प्लॅटिनमच्या खाणी काही दिवस बंद ठेवण्याची वेळ आली. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी या प्रकरणी सरकारची चूक झाल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. घाईने हाती घेतलेले मेडुपी आणि कुसिले हे प्रत्येकी सुमारे ४,८०० मेगावॉटचे प्रकल्प रखडत गेले, त्यांचा खर्च वाढला आणि २०२३ मध्येही तेथील नागरिकांना वर्षातील बहुतेक दिवस भारनियमन सोसावे लागले.

दाभोळ : सारी जोखीम खरेदीदारावर

गुंतवणूकदार यावा म्हणून त्याला हवी ती हमी दिली तर काय होते, याचे उत्तर गुहागर तालुक्यात मिळते. एन्रॉन कंपनीने जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आणि कोळशाच्या तुलनेत महाग असल्याचे मत व्यक्त करून जागतिक बँकेने १९९३ मध्येच अर्थसाह्य नाकारले होते.

करारातील मेख स्थिर आकारात होती. मंडळाने वीज उचलो अथवा न उचलो, उपलब्ध क्षमतेचे पैसे द्यायचे होते. दर डॉलरशी आणि इंधनाच्या आंतरराष्ट्रीय किमतीशी जोडलेला होता. त्यावर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी होती. मागणी कमी राहण्याची, रुपया घसरण्याची आणि इंधन महागण्याची अशा तिन्ही जोखमी मंडळाच्या, पर्यायाने ग्राहक आणि करदात्यांच्या माथी होत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला. नंतर फेरवाटाघाटी होऊन तो अधिक मोठ्या स्वरूपात पुढे आला.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तोवर रुपया डॉलरमागे १९९३ मधील सुमारे ३१ वरून ४० च्या पलीकडे गेला होता. नाफ्थाच्या किमती चढल्या. वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी उचलली. कमी उचलली म्हणून स्थिर आकाराचा प्रतियुनिट भार वाढला आणि २००० च्या उत्तरार्धात दर सात रुपयांपलीकडे गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीचा आधार घेतला, मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली आणि प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले समितीने मागणीच्या फुगविलेल्या अंदाजांवर आणि निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला. मात्र पुढे वायूटंचाईने त्याला पुन्हा ग्रासले.

या अनुभवाचा परिणाम एका प्रकल्पापुरता राहिला नाही. हमीच्या वादात राज्याची नवी गुंतवणूक मागे पडली. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राने मोजलेल्या किमतीत या वाया गेलेल्या वर्षांचाही वाटा होता.

मुंद्रा ते सिन्नर : लंबक दुसऱ्या टोकाला

दाभोळनंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. केंद्राने २००५ मध्ये स्पर्धात्मक निविदांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि चार हजार मेगावॉटच्या अतिविशाल प्रकल्पांची योजना आखली. गुजरातमधील मुंद्रा प्रकल्पासाठी टाटा पॉवरने युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे दर देऊन निविदा जिंकली. महाराष्ट्राचा त्यात ७६० मेगावॉटचा वाटा होता. या वेळी आयात कोळशाच्या दरवाढीची मोठी जोखीम निविदाधारकाने स्वतःकडे घेतली होती. इंडोनेशियाने २०११ पासून कोळशाची निर्यात आंतरराष्ट्रीय निर्देशांकाशी जोडली आणि सारे गणित कोसळले. भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फेटाळली. परंतु तोट्यात प्रकल्प चालविण्यास कोण तयार होणार? २०२२ च्या टंचाईत केंद्राला वीज कायद्यातील आणीबाणीच्या कलमाचा वापर करून आयात कोळशावरील प्रकल्पांना इंधनखर्च भरून निघेल असा दर द्यावा लागला. कागदावर गुंतवणूकदाराकडे असलेली जोखीम अखेरीस ग्राहकाकडेच परतली.

याच काळात परवानामुक्त निर्मितीच्या उत्साहात अनेक उद्योगसमूहांनी वीजखरेदी करार हाती नसतानाही प्रकल्प उभारले. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) ८८,५३७ मेगावॉटचे लक्ष्य असताना ९९ हजार मेगावॉटहून अधिक औष्णिक व अन्य पारंपरिक क्षमतेची भर पडली. मागणी मात्र अपेक्षेइतकी वाढली नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने ४० हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे ३४ कोळशावरील प्रकल्प अडचणीत असल्याची नोंद केली. त्यांतील थकीत कर्ज पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास होते आणि त्याचा मोठा भार सरकारी बँकांवर होता. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरजवळचा १,३५० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहूनही खरेदी कराराअभावी वर्षानुवर्षे बंद राहिला, हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण.

बाजाराच्या आत लिलाव

रेशनिंगनंतर ब्राझीलने काढलेला मार्ग म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे. २००४ च्या कायद्याने प्रत्येक वितरण कंपनीवर आपल्या संपूर्ण मागणीइतके करार आधीच करून ठेवण्याचे बंधन आले. जुन्या आणि नव्या प्रकल्पांचे लिलाव वेगळे करण्यात आले, त्यामुळे कर्जमुक्त जुन्या प्रकल्पांशी नव्यांना स्पर्धा करावी लागली नाही. दक्षिण आफ्रिकेत अडचण झाली होती ती याच ठिकाणी. नव्या प्रकल्पांचे लिलाव प्रत्यक्ष गरजेच्या तीन ते पाच वर्षे आधी होतात आणि विजेत्याला १५ ते ३० वर्षांचा करार मिळतो. बँका या कराराच्या आधारावर कर्ज देतात. नव्या प्रकल्पांचा पहिला लिलाव डिसेंबर २००५ मध्ये झाला. चिलीनेही अर्जेंटिनाचा वायू २००४ पासून आटल्यावर २००५ मध्ये कायदा बदलून १५ वर्षांपर्यंतच्या करारांचे लिलाव सुरू केले. सर्वांत आधी बाजार खुला करणाऱ्या देशालाही दीर्घ कराराकडे वळावे लागले, ही बाब सूचक आहे.

ही पद्धत निर्दोष नाही. मागणीचा अंदाज चुकला तर नको असलेल्या विजेचे पैसे मोजावे लागतात. शेजारील पाकिस्तानने खासगी प्रकल्पांना दिलेल्या क्षमता आकाराच्या बोज्याने तेथील वीजदर असह्य झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील सरकारला पाच कंपन्यांबरोबरचे करार मुदतीआधी संपवावे लागले. मात्र लिलावात जोखमीची वाटणी आधीच ठरलेली, लेखी आणि सर्वांना दिसणारी असते. दाभोळमध्ये स्पर्धा नव्हती आणि पारदर्शकताही नव्हती.

आजचा पेच : सायंकाळची वीज

भारतात आजही बहुतांश वीज दीर्घ करारांतून येते. एक्स्चेंजवरील खरेदीचा वाटा एकूण विजेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. पण प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. सौरऊर्जेमुळे दुपारी विजेचे दर उतरतात. सूर्य मावळल्यावर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू असतानाच सौरवीज थांबते आणि एक्स्चेंजवरील दर अनेकदा कमाल मर्यादेला भिडतात. ३० मे २०२४ रोजी देशाची सर्वोच्च मागणी २ लाख ५० हजार मेगावॉटवर गेली. सौरवीज दिवसाची गरज भागवील. सायंकाळच्या चार-पाच तासांसाठी बॅटरी, उदंचन जलविद्युत किंवा राखीव औष्णिक क्षमता उभारण्याचा खर्च कोणी करायचा, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे.

केंद्राने जून २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार वितरण कंपन्यांनी पुढील दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज घेऊन पुरेशा क्षमतेचे करार आधीच करणे अपेक्षित आहे. ब्राझीलने २००४ मध्ये घेतलेल्या निर्णयाशी त्याचे साम्य आहे. महावितरणने सप्टेंबर २०२४ मध्ये ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक अशा ६,६०० मेगावॉट विजेसाठी युनिटला सरासरी ४ रुपये ८ पैसे दराने २५ वर्षांच्या पुरवठ्याचे इरादापत्र दिले. राज्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे आणि सह्याद्रीत अशा आणखी प्रकल्पांचे प्रस्ताव आहेत.

या प्रत्येक कराराबाबत राज्यातील ग्राहकाने विचारावयाचे प्रश्न दाभोळने शिकविलेले आहेत. मागणीचा अंदाज कोणी आणि कशाच्या आधारे केला? वीज उचलली नाही तर किती रक्कम द्यावी लागेल? इंधन महागले किंवा रुपया घसरला तर भार कोणावर? नियामक आयोगाच्या जनसुनावण्यांत हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. करार झाल्यानंतर पंचवीस वर्षे वीजबिल भरणाऱ्यांसाठी त्याचा वापर करण्याची वेळ करारावर सह्या होण्यापूर्वीचीच असते.